बेट ठरवण्याआधी पाणी बघा

लहान मुलांना घेऊन समुद्रातल्या एखाद्या बेटावर सुट्टी घालवायची ठरली, की घरात पहिली चर्चा होते पैशांची आणि दुसरी फोटोंची. मालदीवची पाण्यावरची घरं, अंदमानचं राधानगर, बालीचे कडे, मॉरिशसचा निळा समुद्र. फोटोत सगळीच बेटं देखणी दिसतात. पण दोन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे आठवडाभर राहायचं म्हटलं, की ती एकमेकांपासून फार वेगळी निघतात. मुलाला हवं असतं गुडघाभर शांत पाणी, खणायला वाळू, दुपारी सावली आणि वेळेवर वरणभात. हे सगळं खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर जिथे मिळतं, ते बेट तुमच्या कामाचं.

म्हणून बेटाचं नाव पक्कं करण्याआधी तिथलं पाणी बघा. त्यासाठी तिकडे जावं लागत नाही. मोबाइलवर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि हॉटेलच्या समोरचा किनारा मोठा करून पाहा. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, समुद्रात, फेसाची एक पांढरी रेघ दिसते का? ती प्रवाळाची भिंत. उघड्या समुद्राची लाट तिथेच फुटते आणि भिंतीच्या आतल्या बाजूला उथळ, निवांत पाणी साचून राहतं. त्याला लॅगून म्हणतात. आतल्या पाण्याचा रंग फिकट पोपटी-निळा असेल तर खाली वाळू आहे आणि खोली कमी आहे. गडद ठिपके म्हणजे प्रवाळ, खडक किंवा समुद्री गवत. आणि फेसाची रेघ थेट वाळूलाच टेकलेली असेल, तर त्या किनाऱ्यावर लाटा अंगावर येतात, पाणी पाय ओढतं. कोकणातल्या माणसाला ही ओढ सांगायला नको. मोठ्यांना तिथे मजा येईल, पण तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही सतत कडेवरच घेऊन उभे राहाल.

चित्रात आणखी एक गोष्ट शोधा. प्रवाळाच्या रेघेत मधेच खंड पडलेला असतो, तिथे निळा रंग एकदम गडद होतो. भिंतीवरून आत आलेलं पाणी याच खिंडीतून बाहेर पडतं आणि तिथे प्रवाहाला जोर असतो. बोटींची ये-जाही तिथूनच होते. हॉटेल अशा खिंडीसमोर असेल तर दुसरं बघा.

या कसोटीवर मला सगळ्यात जास्त पटतं ते मॉरिशस. जवळजवळ संपूर्ण बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे. दक्षिण किनाऱ्यावर ग्री-ग्रीजवळ ते तुटलेलं आहे आणि तिथे समुद्र खडकांवर आदळतो. तो लांबून बघायचा. बाकी उत्तरेला मों श्वाझी आणि त्रू ओ बीश, पश्चिमेला फ्लिक अँ फ्लाक, पूर्वेला बेल मार या किनाऱ्यांवर लाट दूर बाहेरच थांबलेली असते. मों श्वाझीला वाळूच्या मागे सुरूचं लांबलचक बन आहे. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर असतं तसंच. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन चढू लागलं, की मुलाला पाण्यातून काढून पन्नास-शंभर पावलांवर सुरूच्या सावलीत चटई टाकायची. खाली सुया पडलेल्या असतात म्हणून चटई जरा जाड हवी. पोर तिथेच खातं, तिथेच झोपतं. समोर कमरेइतक्या पाण्यात मोठी भावंडं डुंबत असतात आणि लाटांचा आवाज येतो तो पार लांबून, प्रवाळावरून. किनारे सगळ्यांसाठी खुले आहेत, त्यामुळे महागड्या रिसॉर्टमध्येच उतरायला हवं असं नाही. रस्त्यापलीकडचा दोन खोल्यांचा, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला तरी समुद्र तोच मिळतो. लहान मुलांच्या घराला या स्वयंपाकघराची किंमत फार मोठी असते. मूगडाळ-तांदूळ शिजला की अर्धी चिंता मिटते.

खाण्याचं म्हणाल तर तिथे रस्त्यावर डाळपुरी मिळते. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली, मऊ. तिखट चटणी न लावता मागितली तर मुलं आवडीने खातात. मॉरिशसला मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणी माणसांचे वंशज तिथे आजही आहेत, मराठी शाळांमधून शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना हे बघायला नक्की आवडेल.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे मुलं पहिले एक-दोन दिवस भल्या पहाटे उठतील आणि संध्याकाळी लवकर पेंगतील. समुद्राच्या सुट्टीला ही वेळ उलट सोयीची आहे, कारण पाण्यात जायची खरी वेळ सकाळी सात ते साडेनऊ. बेटावर मलेरियाची भीती नाही, मात्र डासांमुळे होणारे डेंगी-चिकुनगुन्या अधूनमधून येतात, तेव्हा संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. विमानतळ आग्नेय टोकाला आहे, उत्तरेकडे जायला गाडीने तास-सव्वा तास लागतो. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. भाड्याच्या गाडीत मुलाची खुर्ची हवी असेल तर ती बुकिंग करतानाच मागून ठेवा, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

मॉरिशसची उणीव एकच, आणि ती पायाखाली आहे. वाळूत प्रवाळाचे तुकडे असतात, खडकांच्या कडेला काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश. म्हणून मुलांच्या पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. ते इथूनच, मापाचे, घालून बघून न्या. कुणाला काटा रुतलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. उत्तरेत पाम्प्लेमूसला मोठं सरकारी रुग्णालय आहे आणि खाजगी दवाखानेही चांगले आहेत. त्याच गावातल्या जुन्या वनस्पती उद्यानात परातीएवढी पानं असलेली कमळं बघायला मिळतात. ढगाळ दिवशी तिकडे जा.

पण बेट कितीही चांगलं असलं तरी ते तुमच्या सुट्टीच्या महिन्यात चांगलं असायला हवं. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्ट्या तीन: मे महिना, दिवाळी आणि नाताळचे आठ-दहा दिवस. मुलं अजून शाळेत जात नसतील तर तुम्ही मोकळे आहात, त्या बेटाचा चांगला काळ बघून जा. शाळा सुरू झाली असेल तर मात्र आधी महिना आणि मग बेट, असाच क्रम ठेवा.

मे महिन्यात आपल्याकडे उन्हाची काहिली असते, तेव्हा मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे थंडीकडे झुकलेलं असतं. हवा सुखद, पाऊस कमी. पुढे जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोर धरतो, तेव्हा पूर्व किनारा टाळून उत्तरेला किंवा पश्चिमेला राहावं. थंडीच्या दिवसांत पाणीही जरा गार लागतं आणि लहान मुलं लवकर कुडकुडतात, म्हणून अंगभर पोहण्याचा पोशाख द्यावा. दिवाळीतही मॉरिशस छान. नाताळात मात्र तिथे भर उन्हाळा असतो आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. बालीलाही मे ते ऑक्टोबर कोरडं असतं. तिथे सानूर किंवा नुसा दुआच्या बाजूला राहा, तिकडे प्रवाळामुळे पाणी शांत आहे. कुटाच्या लाटा सर्फिंगवाल्यांसाठी आहेत. बालीत २००८ पासून रेबीज आहे, तेव्हा माकडांच्या देवळात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ मुलांचा हात सोडू नका. मुलाला कुणी चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन.

श्रीलंकेचं हवामान दोन बाजूंना उलटसुलट चालतं. नैऋत्येचे किनारे डिसेंबर ते मार्च चांगले, तर पूर्वेचे मे ते सप्टेंबर. पूर्वेला पासिकुडा नावाचा उपसागर आहे, तिथे पाण्यात बरंच आत चालत गेलं तरी मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर पाणी जात नाही. थायलंडचंही तसंच. फुकेतला मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर लाल बावटे, पण पलीकडच्या आखातातलं कोह समुई त्याच काळात बऱ्यापैकी कोरडं असतं. उलट ऑक्टोबर ते डिसेंबर समुईला धो धो पाऊस. दिवाळीला स्वस्तात मिळतंय म्हणून समुईचं बुकिंग करणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं.

आता अंदमान. आपलं आपलं वाटणारं, पासपोर्ट न लागणारं, मराठी घरांत सगळ्यात जास्त बोललं जाणारं बेट. सेल्युलर जेलमुळे तिथे जाणं अनेकांसाठी सहलीपेक्षा मोठं असतं आणि तसंच असायला हवं. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, म्हणून बाबागाडी न नेता मूल पाठीला बांधायची झोळी न्या आणि सकाळच्या वेळी जा. ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम संध्याकाळचा आणि गंभीर असतो. चार वर्षांखालच्या मुलाला घेऊन एकाने बाहेर थांबावं आणि दुसऱ्याने शांतपणे बघावा, मग अदलाबदल.

जानेवारी ते एप्रिल हा अंदमानचा सर्वात चांगला काळ. नाताळही चालतो. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोसमी पाऊस तिथे सगळ्यात आधी पोचतो, म्हणून मेमध्ये जायचं तर पहिल्या पंधरवड्यात उरका. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळं होतात, त्यात बोटी रद्द होतात. अंदमानच्या सहलीत खरी परीक्षा घेतात त्या या बोटीच. पोर्ट ब्लेअरहून, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकला म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जायला वेगवान बोटीने दीड ते अडीच तास लागतात. बोट वातानुकूलित, बंद खिडक्यांची. समुद्र जरा हलता असला की लहानांना आणि आजींना उलट्या होतात. सकाळची पहिली फेरी घ्या, शक्यतो बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला बसा, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तुडुंब भरूही नका. उलटीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना वय आणि वजन सांगून इथूनच लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. त्यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम ठेवा. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी हॅवलॉकहून निघण्याचा बेत एजंट सर्रास आखून देतात, तो बदलून मागा. बोट रद्द झाली की विमान जातं, आणि रडणारं पोर घेऊन धक्क्यावर बसण्याइतकी वाईट जागा नाही. दवाखान्याचाही विचार इथेच करायचा. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र. मुलाला ताप-आकडीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पोर्ट ब्लेअरला राहून एकेका दिवसाच्या सहली करा, किंवा अंदमान दोन-तीन वर्षं पुढे ढकला.

हॅवलॉकचं राधानगर फार सुंदर आहे. रुंद, सपाट, मऊ वाळू, मागे उंच झाडांचं जंगल. कोरड्या महिन्यांत पाणीही शांत असतं. पण पुष्कळशी हॉटेलं त्या किनाऱ्यावर नाहीत, ती बेटाच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला आहेत. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं, की समोर नुसते ओले खडक आणि प्रवाळाचे सांगाडे उरतात. सकाळी मूल बादली-फावडं घेऊन तयार, आणि समुद्र गायब. म्हणून हॉटेलला फोन करून ओहोटीच्या वेळचा फोटो मागा आणि तुमच्या तारखांना भरती किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा. नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, भरतपूरचा किनारा लहानांसाठी उथळ आणि निवांत आहे. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीत शेवाळी खडकांवरून चालत जाऊन बघायचा असतो, तिथे मूल कडेवर घेऊन जाऊ नये. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी मध्यरात्रीनंतर उठून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने लांबचा प्रवास करावा लागतो. तोही या वयात नको.

अंदमान आपल्या घड्याळाच्या मानाने खूप पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारची झोप झाल्यावर पाच वाजता समुद्रावर जाऊ म्हणाल तर अंधारात पोचाल. जेवण साडेअकराला, झोप बाराला, पाण्यात साडेतीनला असा दिवस बसवा. आणि काही खाड्यांत, किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका असतो. पोहण्याच्या नेमून दिलेल्या जागेतच उतरायचं, खाडीच्या मुखाशी आणि तिवरांजवळ नाही, फलकावर लिहिलेलं शब्दशः पाळायचं. शंख-प्रवाळ गोळा करून आणू नका, तो गुन्हा आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगितलं तर विमानतळावर रडारड होत नाही.

मालदीव जवळ आहे, मुंबईहून विमान तीन तासांच्या आत-बाहेर, आणि भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो. लॅगून तर अप्रतिम. पण पाण्यावरचं घर लहान मूल असेल तर घेऊ नका. खोलीच्या दारातून थेट समुद्रात उतरणारा जिना असतो आणि कठडा अनेकदा नसतोच. काही रिसॉर्ट स्वतःच लहान मुलांना तिथे उतरू देत नाहीत. वाळूवरचं घर घ्या, तळमजल्याचं, झाडाखालचं. दुसरी गोष्ट विमानतळापासूनच्या शेवटच्या टप्प्याची. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा पोचलं तर रात्र मालेतच काढावी लागते. शिवाय आत कर्कश आवाज आणि सामानाला मर्यादा. माले विमानतळापासून स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असंच बेट शोधा. कमी खर्चात जायचं तर माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस मिळतात. तिथे कपड्यांचे नियम पाळावे लागतात आणि पोहण्याचा किनारा ठरलेला असतो. लक्षद्वीपचं पाणीही याच तोडीचं, पण परवाना, मोजक्या जागा आणि मोजके दवाखाने यांमुळे मुलं जरा मोठी झाल्यावर, सहा-सात वर्षांची, तिकडे जाणं बरं.

पाण्यातल्या सुरक्षिततेबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, ते गुपचूप खाली जातं, आणि त्यासाठी घोटाभर पाणी पुरतं. किनाऱ्यावर कुटुंबातली सहा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून वीस-वीस मिनिटांची पाळी लावा. ज्याची पाळी, त्याच्या हातात मोबाइल नाही, आणि मूल त्याच्या हाताच्या अंतरावर. हवेने फुगवलेली कडी आणि बदकं लॅगूनमध्ये वापरू नका. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर ती मुलासकट वाहत जातात. अंगाला पट्ट्यांनी घट्ट बसणारं, मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेट इथूनच न्या, कारण बोटीवाल्यांकडे लहान मापाचं असेलच असं नाही. आणि हॉटेलच्या तलावाला कुंपण आहे का, हे समुद्राआधी विचारा.

विषुववृत्ताजवळचं ऊन ढगांतूनही भाजतं. दहा ते साडेतीन मुलं सावलीत, बाहेर असताना लांब बाह्यांचा पोशाख आणि मान झाकणारी टोपी. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावण्यापेक्षा उन्हातच नेऊ नका. ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. सोबत न्यायच्या खाऊत ताजी फळं आणि बिया नकोत, बऱ्याच बेटांवर ती आणू देत नाहीत.

तिकीट काढताना मुलाच्या वाढदिवसाकडे नजर टाका. जाताना दीड-पावणेदोन वर्षांचं असलेलं बाळ मांडीवर बसून जातं, पण परतीच्या दिवशी त्याला दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर स्वतंत्र आसनाचं तिकीट लागतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मोठ्या मुलाचा आधी काढलेला अजून चालेल असं गृहीत धरू नका, मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे का ते आजच बघा. मॉरिशस आणि मालदीव दोन्हीकडे जाण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरायचे असतात, ते प्रत्येक मुलाचेही भरावे लागतात. आणि विमान चढताना-उतरताना बाळाला दूध पाजा किंवा मोठ्याला चघळायला काही द्या, म्हणजे कान दुखत नाहीत.